कमोडच्या बुडाशी पाणी कुठून येते?

पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यातील विद्यार्थिमित्रांनो, पावसाळ्यात कमोडच्या बुडाशी ओल दिसली, तर लगेच गवंड्याला बोलावू नका. समुद्रकाठची हवा तेव्हा बाष्पाने भरलेली असते. टाकीतील पाणी हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असले, की टाकीला घाम फुटतो आणि थेंब खाली उतरतात.

हा घाम की गळती? फरशी कोरडी करून बुडाभोवती वर्तमानपत्र पसरा. टाकीत चमचाभर खाण्याचा लाल रंग टाका आणि अर्धा तास टाकी ओढू नका. कागदावर लाल डाग पडला, तर टाकी गळते. रंगहीन ओल आली, तर घाम किंवा नळाची जोडणी तपासा. कागद कोरडाच राहिला, तर टाकी ओढा. आता बुडाशी लाल पाणी आले, तर दोष बहुधा भांडे व जमिनीतील पाइप यांच्या सांध्यात आहे. हा सांधा भांड्याच्या वाकात अडून राहणाऱ्या पाण्याच्या पलीकडे असतो; म्हणून एरवी तो गळत नाही. (जमिनीखालच्या लांब नळांची गळती शोधताना भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ रंगाऐवजी अत्यल्प किरणोत्सारी पदार्थ वापरतात. युक्ती तीच!)

पुष्कळजण बाहेरून पांढऱ्या सिमेंटची कड भरून मोकळे होतात. त्याने पाणी थांबत नाही, दिसेनासे होते. आणि टायफॉइड, काविळीचे जंतू असू शकणारे ते मैलापाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून झिरपते. भांडे उचलून, जुने सिमेंट खरवडून सांधा नव्यानेच करावा लागतो. भांडे डुगडुगत असेल, तर ते घट्ट बसवून घ्या, नाहीतर नवा सांधाही तडकेल.