‘विचक्षण’ या पदाचा विचार

श्रीमद्भगवद्गीतेच्या १८ व्या अध्यायातील दुसऱ्या श्लोकात ‘विचक्षण’ हे पद आले आहे. ‘शहाणे लोक’ एवढा अर्थ सांगून निरूपण पुढे नेण्याचा प्रघात आहे. तो पुरेसा नव्हे. त्याच श्लोकात ‘कवि’ आणि लगतच्या श्लोकात ‘मनीषी’ ही पदे आहेत. अमरकोशाने ही तिन्ही पंडितवाचक म्हणून एका मालिकेत बसविली आहेत. कोशापुरते ते ठीक. पण येथे तिघांची मते निरनिराळी आहेत. काम्य कर्मे सोडणे हा संन्यास, असे कवी जाणतात. सर्व कर्मांचे फळ सोडणे हा त्याग, असे विचक्षण म्हणतात. कर्मच सदोष, म्हणून ते टाकावे, असे काही मनीषी म्हणतात.

‘चक्ष्’ या धातूचे अर्थ दोन : स्पष्ट बोलणे आणि पाहणे. ‘चक्षु’ हा शब्दही त्याचाच. ‘वि’ हा उपसर्ग वेगळेपण दाखवितो. ऐतरेय ब्राह्मणात तर डोळ्यालाच विचक्षण म्हटले आहे, कारण त्याने पदार्थ वेगळेपणाने दिसतो. आणि दीक्षिताने सत्यच बोलावे या विधीच्या संदर्भात हे आले आहे. तेव्हा एकत्र मिसळलेले जो निवडून पाहतो व पाहिले तसे सांगतो, तो विचक्षण होय.

कर्म आणि फळ ही अशीच मिसळलेली असतात. दोष पाहून कर्मच टाकणारा कोंड्याबरोबर दाणाही टाकतो. पुढे भगवंत स्वतःचा निश्चय सांगतात तेव्हा ११ व्या श्लोकात ‘त्यागी’ हे नाव कर्मफलत्याग्यालाच देतात. म्हणजे विचक्षणांची निवड तेथे मान्य झाली. ज्याने घर सोडून वेष घेतला, त्याने हे स्थळ विशेष जपून वाचावे. घर सुटले, पण सोडल्याचा मान मनाशी धरला, तर मान हेही फळच आहे.

मराठीत ‘चाणाक्ष’ हा शब्द याच्या जागी सर्रास येतो. चाणाक्षपणात चटकन ओळखणे असते, पुष्कळदा आपला लाभही असतो. व्यापारी चाणाक्ष असतो, लहान मूलही असते. मुलाला विचक्षण कोणी म्हणत नाही. न्याय देणारा, ग्रंथ तपासणारा, शिष्याची पात्रता पाहणारा यांस ते विशेषण शोभते. ‘विचक्षण प्रसंग’ असा प्रयोग मात्र चुकीचा. तेथे ‘विलक्षण’ हवे, आणि त्याचा धातू ‘लक्ष्’ हा निराळा आहे.