कंपनीचा मेल एका जागी आणताना

समजा, मुख्य कार्यालय लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात, विक्री पुण्यात, हिशेब मुंबईत. मिळून दीडशे माणसं. प्रत्येकाचा मेल आपापल्या लॅपटॉपवर. कुणी नोकरी सोडली की गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहारही त्याच्यासोबत जातो. सगळ्यांचा मेल एकत्र आणायचा तर पुढच्या क्रमाने चला.

१. आधी जागा ठरवा. सर्व्हर कुरवंड्यात ठेवू नका. लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. विजा कडाडतात, तारांवर झाडं पडतात, दमट हवेत यंत्रं गंजतात. सर्व्हर नवी मुंबईच्या किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्या. कुरवंड्यात फक्त इंटरनेटच्या दोन जोडण्या हव्यात: एक फायबरची, दुसरी वेगळ्या कंपनीच्या मोबाइल नेटवर्कची. दोन्ही फायबरच्या घेतल्या आणि त्या एकाच खांबावरून आल्या, तर दुसरीचे पैसे वाया गेले.

२. डिस्क मोजा. माणशी १० जीबी धरले तर दीडशे जणांचे १,५०० जीबी होतात. मेलला जोडलेली फाइल पाठवताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून पुढची वाढही धरून वापरता येण्याजोगी ३,००० जीबी जागा घ्या आणि तीही जोडीच्या डिस्कवर, म्हणजे एकीची नक्कल दुसरीवर राहील.

३. डोमेन कंपनीच्या नावावर नोंदवा, कर्मचाऱ्याच्या किंवा संगणकवाल्याच्या नावावर कधीही नको. मग डोमेनच्या डीएनएसमध्ये एमएक्स (मेल कुठे यायचा ते सांगणारी) आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडून आला हे पटवणाऱ्या) या नोंदी करा. आयपी पत्त्याची उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, ज्याने आयपी दिला त्याच्याकडून करून घ्या. इथे घाई नको. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने या बाबतीतले नियम कडक केले. नोंदी चुकल्या तर तुमची कोटेशनं स्पॅममध्ये पडतात किंवा परत येतात. डीमार्क आधी नुसतं पाहण्यापुरतं ठेवा, काही आठवडे अहवाल वाचा, मगच कडक करा.

४. मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, पेट्या सांभाळायला डव्हकॉट, स्पॅम गाळायला आरस्पॅमडी आणि ब्राउझरमध्ये मेल वाचायला राउंडक्यूब एवढं सॉफ्टवेअर पुरतं. मेल वाचायला ९९३, पाठवायला ५८७ किंवा ४६५ पोर्ट. पॉप बंदच ठेवा, नाहीतर मेल पुन्हा लॅपटॉपवर उतरेल. विक्रीची एक आणि हिशेबाची एक अशा सामाईक मेलपेट्या करा.

५. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि त्यात नमूद केलेल्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. ते कोण कळवणार, हे आताच लिहून ठेवा.

६. बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवा. दर तिमाहीला एक पेटी त्यातून परत उभी करून बघा. हे न केलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

७. नव्या सर्व्हरवर जाण्याचा बदल पावसाळ्याआधी उरका, तोही आठवड्याच्या मधल्या रात्री. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या पर्यटकांच्या गर्दीतून दुरुस्तीवाला कुरवंड्याला पोहोचणं कठीण. दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची ती मुदत, पाच मिनिटांवर आणा. जुन्या सर्व्हरवर असलेले मेल आयमॅपसिंकने हलवा; लॅपटॉपवरचे मेल त्या-त्या मेल प्रोग्रॅममधून नव्या पेटीत चढवा. मधे तासभर सर्व्हर बंद राहिला तरी घाबरू नका. पाठवणारे सर्व्हर बहुधा चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. जुना सर्व्हर मात्र लगेच बंद करू नका.

हे सगळं सांभाळणारा एक जाणता माणूस, आणि तो रजेवर असताना दुसरा, एवढी सोय नसेल तर स्वतःचा सर्व्हर उभारू नका. तयार मेलसेवा विकत घ्या. पण डोमेन आणि बॅकअप तेव्हाही स्वतःच्याच हातात ठेवा.