पेशी येतील, तोवर इन्सुलिन

माझ्या लेकीला टाइप वन मधुमेह आहे, आम्ही केज तालुक्यातले, ऊसतोडीला जाणारे. ज्यांच्या घरात नुकतंच हे निदान झालंय, त्यांच्यासाठी लिहिते.

१. इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते. कारल्याच्या रसानं, झाडपाल्यानं त्या परत येत नाहीत. "सुईची सवय लागंल," म्हणणारे पाहुणे भेटतीलच. इन्सुलिन थांबलं की रक्तात आम्ल साठतं आणि काही दिवसांत लेकरू दगावतं, हे त्यांना स्पष्ट सांगा.

२. नव्या उपचारांत जनुक बदललेल्या पेशींचं नाव ऐकून बिचकू नका. माणसाचं जनुक घातलेल्या जिवाणूंनी बनवलेलं इन्सुलिन १९८२ पासून बाजारात आहे. २००३ मध्ये वोक्हार्टनं आपल्या औरंगाबादेत तयार केलेलं इन्सुलिनही जनुक बदललेल्या पेशींनीच बनवलेलं.

३. स्वीडनमध्ये अशा पेशी टोचल्याची बातमी खरी आहे, पण ती पुरती वाचा. २०२४ च्या डिसेंबरात उप्सालाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत दात्याच्या स्वादुपिंडातल्या पेशी टोचल्या. शरीर ज्या प्रथिनांवरून परकी पेशी ओळखतं, त्यांना लागणारी दोन जनुकं या पेशींत बंद केली होती. सीडी४७ या तिसऱ्या जनुकाचं काम वाढवलं, म्हणजे भक्षक पेशींनीही त्यांना हात लावू नये. प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध न देता बारा आठवड्यांनंतरही त्या इन्सुलिन बनवत होत्या. मात्रा मुद्दामच लहान होती, त्यामुळे त्याचं इंजेक्शन सुटलं नाही.

२०२५ मध्ये मूलपेशींपासून बनवलेल्या पेशींचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्ण मात्रा घेतलेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरात सुटलं. आकडा मोठा आहे, तरी माझी आस उप्सालावरच. दुसऱ्या प्रयोगात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच ठेवावी लागतात. उसाच्या फडावर, कोपीत राहणाऱ्या लेकराला त्यातून येणारा जंतुसंसर्गाचा धोका कसा झेपणार?

४. "मूलपेशींनी साखर मुळापासून बरी," म्हणून कुणी लाखांत पैसे मागितले तर उठून या. मधुमेहावर हा उपचार विकायला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांत मुभा नाही. अधिकृत चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

५. नव्या पेशी येतील तेव्हा लेकराचे डोळे आणि मूत्रपिंडं शाबूत हवीत. त्यासाठी रोज साखर तपासा. छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीचं औरंगाबाद) 'उडान' संस्था अशा मुलांसाठी काम करते, तिथं चौकशी करा. उन्हाळ्यात फ्रीज नसेल, तर इन्सुलिनची कुपी कोरड्या डब्यात घालून माठात ठेवा. ऊसतोडीला जाताना हा माठ सोबत न्या, आणि मुकादमाला लेकराच्या आजाराबद्दल आधीच सांगून ठेवा.