आमवाताच्या निदानातील अनिश्चित काल : चिकित्सक व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

प्रस्तावना

हातांची बोटे सुजलेली आहेत, सकाळी तासभर मूठ वळत नाही, परंतु आर.ए. फॅक्टरचा अहवाल मात्र 'निगेटिव्ह' आहे, असा रुग्ण आपणा सर्वांच्याच बाह्यरुग्ण विभागात येत असतो. "डॉक्टरसाहेब, मला नेमके झाले तरी काय?" हा त्याचा प्रश्न असतो. या प्रश्नास दोन उत्तरे घाईने दिली जातात. एक म्हणजे पहिल्याच भेटीत 'आमवात' असे ठामपणे सांगणे, आणि दुसरे म्हणजे अहवाल निगेटिव्ह आहे म्हणून 'साधा वात' समजून बोळवण करणे. पहिल्या उत्तराने रुग्ण आयुष्यभराच्या आजाराचे भय घेऊन घरी जातो. दुसऱ्याने वेळ हातचा जातो, आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये अस्थींची झीज अनेक रुग्णांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होत असल्याने गेलेला वेळ भरून निघत नाही. या दोहोंच्या मधला जो अनिश्चित काल, तो कसा हाताळावा याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शास्त्राधार

आमवाताचे स्वतंत्र व सविस्तर निदान माधवकरांनी माधवनिदानाच्या २५व्या अध्यायात केले. अंगमर्द, अरुची, गौरव, ज्वर, अपाक ही सामान्य लक्षणे आणि प्रवृद्धावस्थेत हस्त, पाद, गुल्फ, जानु इत्यादी संधींचा सरुज शोथ, हे चित्र रुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी पुष्कळ जुळते. तथापि आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हे समीकरण सोयीचे असले तरी पूर्ण नाही. घशाच्या संसर्गानंतर मुलांत होणारा, एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारा रुमॅटिक फीव्हरही याच वर्णनात बसू शकतो, आणि तेथे धोका सांध्यांपेक्षा हृदयास अधिक असतो. चरक चिकित्सास्थानाच्या २९व्या अध्यायातील वातरक्तही हातापायांच्या लहान सांध्यांपासूनच सुरू होते.

लक्षणे गूढ असतील तेथे उपशय-अनुपशयाने व्याधी ओळखावा असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. स्नेहाभ्यंगाने वेदना वाढणे व वालुकास्वेदाने कमी होणे हे सामतेकडे निर्देश करते, तर तैलाने आराम पडणे हे केवल वाताकडे. मात्र रुग्ण वेदनाशामक किंवा स्टेरॉइड घेत असेल तर ही परीक्षा निरर्थक ठरते, कारण त्या अवस्थेत सर्वच उपाय 'उपशय' भासतात. तसेच रोगाचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, सर्व विकारांना निश्चित नाव नसते, असेही चरक सूत्रस्थानाच्या १८व्या अध्यायात सांगतात. दोष, अधिष्ठान व हेतू जाणून कर्म आरंभावे हे त्यामागील तात्पर्य आहे. अर्थात नाव ठरलेले नसतानाही चिकित्सेची दिशा ठरू शकते.

२. अहवालाचा अर्थ

आर.ए. फॅक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांत निगेटिव्ह असतो. उलटपक्षी तो सुमारे ५ टक्के निरोगी व्यक्तींत, वृद्धांत त्याहून अधिक, आणि क्षय, कुष्ठ व हिपॅटायटिस-सी यांतही पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी चाचणी अधिक विश्वसनीय आहे. परंतु तीही निगेटिव्ह असणे म्हणजे व्याधी नसणे नव्हे.

२०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १० पैकी ६ गुण आवश्यक मानले आहेत. एक उदाहरण घेऊ. सहा लहान सांधे सुजलेले (३ गुण), सीआरपी वाढलेले (१ गुण), सहा आठवडे पूर्ण (१ गुण) आणि रक्तचाचण्या निगेटिव्ह (० गुण), म्हणजे एकूण ५. हा रुग्ण निकषात बसत नाही, तरी तो निरोगीही नाही. पुढे बाधित सांधे दहाहून अधिक झाले तर त्याचेच गुण ७ होतात. म्हणूनच ६ पेक्षा कमी गुण असणाऱ्याची पुनःपरीक्षा करावी असे निकषकर्त्यांनीच सुचविले आहे. शिवाय हे निकष मुख्यतः संशोधनातील वर्गीकरणासाठी आहेत, निदानाचा अंतिम शब्द ते नव्हेत.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या ग्रामीण सर्वेक्षणात सुमारे १८ टक्के प्रौढांना अंगदुखी वा सांधेदुखी आढळली, परंतु रुमॅटॉइड आर्थ्रायटिस केवळ सुमारे अर्धा टक्का व्यक्तींत होता. प्रत्येक दुखरा सांधा आमवात नसतो.

३. आपल्या जिल्ह्यातील सदृश व्याधी

(अ) चिकुनगुनिया : २००६ च्या साथीत महाराष्ट्राने व २०२४ मध्ये नागपूर परिसराने याचा अनुभव घेतला आहे. अचानक तीव्र ज्वर, घरातील वा मोहल्ल्यातील अनेक जण एकाच वेळी आजारी, हा इतिहास अवश्य विचारावा. सांधेदुखी काही रुग्णांत तीन महिन्यांहून अधिक टिकते व हुबेहूब आमवातासारखी दिसते.

(आ) सिकलसेल : पूर्व विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तरुण रुग्णात वारंवार अस्थि-संधिशूल, पांडुता व कामला असल्यास सोल्युबिलिटी चाचणी आधी करून घ्यावी.

(इ) कुष्ठ : लेप्रा रिअ‍ॅक्शनमध्ये हातापायांचे सांधे सुजतात आणि आर.ए. फॅक्टरही पॉझिटिव्ह येऊ शकतो. त्वचेवरील बधिर चट्टे व जाड झालेल्या नाड्या तपासल्याशिवाय परीक्षा पूर्ण झाली असे मानू नये.

(ई) श्रमजन्य वेदना : रोवणीच्या हंगामात दिवसभर चिखलात वाकून काम करणाऱ्या किंवा वर्षानुवर्षे बिडी वळणाऱ्या स्त्रियांत कटिशूल व बोटांचे दुखणे सामान्य आहे. हे विश्रांतीने कमी होते. आमवाताची जखडण विश्रांतीनंतर, पहाटे वाढते. हस्ततल व बोटे जोडणारे सांधे आडवे दाबले असता तीव्र वेदना होणे हे शोथाचे उपयुक्त चिन्ह आहे.

४. अनिश्चित कालातील आचरण

केसपेपरवर 'संधिशोथ, निदान विचाराधीन' असे स्पष्ट लिहावे व पुढील भेटीची तारीख द्यावी. प्रत्येक भेटीत सुजलेल्या सांध्यांची संख्या, सकाळच्या जखडणीची मिनिटे, ज्वर, अग्नी व मलप्रवृत्ती, आणि रुग्ण घेत असलेली सर्व औषधे यांची नोंद करावी. या काळात लंघन किंवा लघु आहार, शुंठीसिद्ध जल, दीपन-पाचन, रूक्ष स्वेद व अवस्थेनुसार महारास्नादी क्वाथ असा सौम्य क्रम ठेवावा. सुजलेल्या उष्ण सांध्यावर तैलमर्दन करू नये. प्रबल शोधन व रसकल्प यांची घाई टाळावी.

लहान सांध्यांची सूज सहा आठवडे टिकली तर अहवाल काहीही असो, रुग्णास नागपूर येथील संधिविकारतज्ज्ञाकडे पत्रासह पाठवावे. एकच सांधा लाल, उष्ण, अतिवेदनायुक्त व सोबत ज्वर असेल तर तो पूयजन्य असू शकतो. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. रुग्णास सांगावे, "आज नाव निश्चित नाही, पण काय पाहायचे आणि केव्हा, हे आपले ठरले आहे." एवढ्या वाक्यानेही त्याची दारोदार भटकंती पुष्कळ कमी होते.

५. औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

सांधेदुखीच्या रुग्णाची पहिली गाठ बहुधा आपल्याशीच पडते. निनावी पुड्या व चिठ्ठीविना स्टेरॉइडच्या गोळ्या दोन दिवसांत सूज उतरवितात, आणि त्याबरोबर निदानाची चिन्हेही पुसून टाकतात. त्या देऊ नयेत. मात्र दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यास ते एकाएकी बंद करण्यासही सांगू नये, वैद्यकीय सल्ल्यासाठी पाठवावे. महिन्याहून अधिक काळ वेदनाशामक नेणाऱ्या ग्राहकास तपासणीचा आग्रह करावा. मेथोट्रेक्सेट या विकारात आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. दररोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते, म्हणून पाकिटावर वार ठळक अक्षरांत लिहून द्यावा. गर्भवतीस हे औषध वर्ज्य आहे.

उपसंहार

निदानास विलंब होणे काही वेळा अटळ असते, दुर्लक्ष मात्र कधीच अटळ नसते. तारीखवार नोंद, पुनःपरीक्षा आणि वेळीच पाठवणी या तीन गोष्टी लहानशा दवाखान्यातही शक्य आहेत. पुढील हंगामात रोवणीला उभी राहणारी भगिनी आपल्या बोटांनी धानाचे रोप धरू शकेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांवर अवलंबून आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या नोंदी जिल्हा सभेत मांडाव्यात, ही विनंती.