उलटी बाजू बघून घे

पोरी, नाशकात नोकरी लागली, सातपूरला खोलीही मिळाली. आता पहिल्या पगारात कपड्यांची खरेदी होणार हे सांगायला ज्योतिषी नको. कर खरेदी. कॉलेज रोडच्या काचा बघ, मेन रोडला फीर. पण पैसे काढण्याआधी कपडा हातात घे आणि उलटा कर. सुलट बाजू दुकानदार दाखवतोच, उलटी आपली आपण बघायची. मोबाइलवर कपडा उलटा करता येत नाही, एवढ्याच कारणासाठी मी ती खरेदी बाद ठरवते. तुला पटायचं नाही, राहू दे.

उलटा केलास की पहिली माया बघ. शिवणीच्या आत बोटभर कापड सोडलेलं असेल तर तो कपडा तू जाड झालीस तरी होईल, आणि तुझं झालं की धाकटीलाही होईल. हल्ली रेडिमेडात शिवणीला इंटरलॉक मारून उरलेलं कापड छाटून टाकतात. मग सोडवायला आत काही उरतच नाही. काखेत सूतभर आवळला की संपलं. मायेनंतर टाके बघ. बारीक आणि एकसारखे असले तर शिवण टिकते. लांब लांब धावदोऱ्यासारखे असले तर बसमध्ये दांडा धरायला हात वर केलास की उसवलेच म्हणून समज. शिवणीच्या दोन्ही अंगांना अंगठे ठेवून हलकं ताण, फट दिसली तर ठेवून दे. चौकड्याचं कापड असेल तर शिवणीवर रेघेला रेघ मिळालीय का तेही बघ. रेघ जुळवायला कापड जास्त लागतं. जो तिथे कापड खर्च करतो, तो सहसा दोऱ्यात चोरी करत नाही.

हे सगळं एवढ्यासाठी, की कपडा घेताना मी एकच गोष्ट विचारते: माझ्यानंतर हा कुणाच्या अंगावर जाईल? उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असं आलं, तर तो आपल्यालाही नको. किंमत आणि फॅशन नंतर. या एका प्रश्नाने निम्मी खरेदी आपोआप गळते, मन मारावं लागत नाही. उरलेली निम्मी पुढच्या बुधवारपर्यंत थांबव. आज डोळ्यांत भरलेला कुर्ता बुधवारीही आठवला तर जा. बहुतेक वेळा रंगसुद्धा आठवत नाही.

हिशेबही नीट कर. तीन हजारांची साडी तीनदा नेसलीस तर एका नेसण्याचे हजार रुपये झाले. नऊशेचा सुती कुर्ता नव्वद वेळा घातलास तर दहा रुपये. स्वस्त कुठला ते पाटीवरच्या आकड्यावरून कळत नाही. तरी ‘एकावर एक फुकट’ची पाटी दिसली की शहाण्यासुरत्या बायका दोन नको असलेले कपडे घेऊन घरी येतात आणि वर वाचवलेले पैसे सांगत बसतात.

आमच्या वेळी कपडा वर्षातून एकदा, दिवाळीला. वडील एकच तागा आणायचे आणि त्यातून सगळ्या भावंडांचे शर्ट-फ्रॉक निघायचे. फोटोत आम्ही बँडपथकासारखे दिसतो. आईच्या आठवणी त्याहून मागच्या. 1943 साली, महायुद्धाच्या काळात, सरकारने कापडावर नियंत्रण आणलं आणि पुढे कापडही रेशनवर आलं. तेव्हाची काटकसर तिच्या हातातून शेवटपर्यंत गेली नाही. आजोबांचं धोतर विरलं की त्याचा पंचा व्हायचा, पंच्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं. शर्टाची कॉलर घडीवर झिजली की ती पातीने टाका टाका उसवायची, कॉलर उलटी करून जुन्याच सुईच्या भोकांवरून पुन्हा टीप मारायची. झिजलेली बाजू खाली जाते, चांगली वर येते, आणि शर्ट आणखी दोन-तीन वर्षं ऑफिसला जातो. उसवण्यासकट अर्ध्या तासाचं काम. नाशकात आजही गल्लीगल्लीत अल्टर करणारे बसलेले असतात, त्यांना ‘कॉलर उलटवून द्या’ म्हटलं की कळतं. जुने कारागीर तर खूश होतात, कारण हल्ली हे कुणी विचारतच नाही.

आता जुना कपडा विकत घेण्याबद्दल. इथे तू नाक मुरडणार. ‘कुणाचं तरी घातलेलं’ म्हणशील. अगं, तू जन्मलीस तेव्हा तुला पहिलं झबलं जुन्या मऊ लुगड्याचं घातलं होतं, दुपटंही त्याचंच. नवं कापड बाळाला टोचतं म्हणून घरोघर तीच रीत. आणि आहेराच्या साड्या? एका लग्नात आलेली साडी घडीही न मोडता दुसऱ्या लग्नात जाते. ब्लाऊजपीस तर इतके फिरतात की मूळ मालक कोण हे देवही सांगू शकणार नाही. म्हणजे दुसऱ्याच्या घरचा कपडा आपल्याला चालतो, फक्त त्यावर हळदकुंकवाचं बोट हवं. आणि ज्या गावात गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, पूल आहे, तिथे जुन्या कपड्याची कसली लाज? बाबा 1956 साली गेले. तोवर चिंध्या जोडून शिवलेलंच अंगावर घालून गावोगाव झाडू मारत हिंडले.

पूर्वी दारात बोहारीण यायची. जुने कपडे द्यायचे, स्टीलचं पातेलं घ्यायचं, आणि एका साडीवरून तासभर घासाघीस. तिने नेलेल्या कपड्यांचं पुढे काय होतं हे फार थोड्या घरांना माहीत असतं. ती आधी निवड करते. धडके कपडे धुऊन, बटणं लावून, उसवलेलं शिवून, इस्त्री करून पुन्हा बाजारात जातात. सुती फाटके कपडे फडकी म्हणून गॅरेजात आणि कारखान्यात जातात. तू अंबडच्या नाहीतर सातपूरच्या वर्कशॉपात मशीन पुसताना बघशील, ती फडकी कुणाच्या तरी बनियनची असतात. लोकरीचं पानिपतला. मराठी माणसाला पानिपत 1761 पुरतंच ठाऊक, पण देशोदेशीचे जुने लोकरी कपडे तिथे येतात, त्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत कातलं जातं आणि ब्लँकेटं विणली जातात. दिल्लीच्या रघुवीरनगरात बोहारणींचाच जुन्या कपड्यांचा बाजार भरतो, तोही भल्या पहाटे.

आपल्याकडे घ्यायचं तर आठवडी बाजार बघ. गोदाघाटावरचा बुधवारचा आहे, तालुक्याच्या गावांचे आहेत. शालिमारच्या आणि मेन रोडच्या फुटपाथवरही ढीग लागतात, पण तिथे ‘एक्स्पोर्टचा माल’ म्हणून जे विकतात त्यात नवं, डागी, परत आलेलं सगळंच मिसळलेलं असतं, विचारून घे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मला अमुक मापाचा कोट हवा आहे, कुणाचा पडून आहे का’ असं बिनधास्त टाक. लोकांची कपाटं ठासून भरलेली आहेत, कुणीतरी विचारण्याचीच वाट बघत असतात.

बाजारात सकाळी जा. पिवळ्या दिव्याखाली डाग दिसत नाही. कपडा आकाशाकडे धरून बघ, कोपर, गुडघा आणि बसायची जागा विरलेली असेल तर उजेड आरपार येतो. कॉलर, काख, चेन, इलास्टिक तपास. वास घे, लाजू नकोस. सुती कपड्याचा घामाचा वास धुतल्यावर जातो, पॉलिस्टरचा मुरलेला वास सहसा जात नाही. पांढरा हातरुमाल ओला करून आतल्या शिवणीवर घास, रंग उतरला तर तो तुझ्या बाकीच्या कपड्यांनाही लागेल. कापड कसलं ते कळत नसेल तर घरी येऊन आतल्या मायेतून एक दोरा काढ आणि चिमट्यात धरून जाळ. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखा वास देतात.

मापाचं म्हणशील तर खांदा बसला पाहिजे, बाकी सगळं होतं. बाही आखूड करता येते, घेर आवळता येतो, उंची कापता येते. खांदा उतरवायचा म्हणजे सगळा कपडा उसवणं, शिंपी त्याचे नव्या शिलाईइतके पैसे घेईल. म्हणून जुन्याच्या किमतीत अल्टरचे पैसे आधीच मिळव. शंभरचा शर्ट आणि दीडशेचं अल्टर, तर तो अडीचशेचा शर्ट आहे. तेवढ्याचा आहे का ते बघ.

काय जुनं घ्यायचं नाही, तेही ऐक. आतले कपडे नाहीत. दुसऱ्याच्या पायाचा आकार घेतलेले बूट नाहीत. पापुद्रे सुटू लागलेलं रेक्झिनचं जाकीट नाही, ते कशानेही थांबत नाही. हेल्मेट तर कधीच नाही, मग ते कितीही चकचकीत असो.

थंडीचं मात्र नवं घ्यायला हरकत नाही, तुला इथली थंडी नवी आहे. निफाडचा पारा पेपरात वाचलास की कळेल. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटात एकच बरं स्वेटर घे, गडद रंगाचं, सगळ्यावर चालेल असं. जुनं लोकरीचं मिळालं तर गरम पाण्यात घालू नकोस, आटून बाहुलीचं होईल. गार पाणी, सौम्य साबण, न पिळता आडवं वाळवणं. सुती जुना कपडा मात्र घरी आणला की आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजव, कडक उन्हात उलटा वाळव, शिवणींवरून गरम इस्त्री फिरव. ढेकूण-उवांची अंडी शिवणीत लपतात, ती तिथेच मरतात. हे सगळं होईपर्यंत तो कपाटात जाता कामा नये.

आणि पैठणी. जिल्ह्यात येवला असताना ही गोष्ट तुला यायलाच हवी. दोन पिढ्यांची पैठणी कुणी विकायला काढली तर ती नव्या यंत्रमागाच्या साडीपेक्षा शंभरदा बरी, पण इथेही उलट बाजूच बघायची. हातमागावरची खरी पैठणी पदरात आणि काठात दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, कारण प्रत्येक रंगाचा दोरा नक्षीपुरताच गुंफून वळवलेला असतो. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे दोरे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. मग घड्या उलगड. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की त्या रेघेवर चिरतं, आणि तिथे रफूही टिकत नाही. म्हणून आपल्याही साड्यांची घडी दरवर्षी मोडून बदलायची, सुती कापडात गुंडाळायची, डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही. दारावर ‘जुनी जरी’ म्हणत येणाऱ्याला आजीची साडी तोलावर देऊ नकोस. तो त्यातल्या चांदीचे पैसे देतो, विणीचे नाही.

घरातलं काढून टाकताना तीन ढीग कर. अंगावर घालण्यासारखे कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून द्यायचे. पूर आला की लोक फाटकी लुगडी आणि एकेक मोजा ट्रकात भरून पाठवतात, तो कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणंच झालं. अंशु गुप्ता यांनी 1999 साली दिल्लीत ‘गूंज’ सुरू केली ती याच मुद्द्यावर, की कपडा भीक म्हणून जाऊ नये. गावाने रस्ता करावा, विहीर खणावी आणि त्याचा मोबदला म्हणून कपडा घ्यावा. त्यांना 2015 साली मॅगसेसे मिळालं. दुसरा ढीग सुती मऊ कपड्यांचा. त्याची गोधडी शिव, किंवा शिवून घे. तिसरा अगदी टाकाऊ, पण त्यातूनही एक जोड बाजूला काढ. रंगपंचमीला तू तिवंध्याच्या नाहीतर शनि चौकाच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायला जाणारच, आणि त्या रंगातून कपडा पुन्हा पांढरा निघत नाही.

भावाबद्दल शेवटचं. मॉलमध्ये पाटीवरचा आकडा तू मुकाट्याने देतेस. जुने कपडे विकणारीने तो शर्ट धुतला, शिवला, इस्त्री केला, डोक्यावर वाहून आणला. तिच्याशी एकदा भाव कर, दुसऱ्यांदा नको. आणि बाजारात जाताना सुटे पैसे घेऊन जा, पाचशेची नोट सकाळी सकाळी तिच्यापुढे धरू नकोस.