विज्ञान लेखन : एक स्वतंत्र धंदा

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली बी. एस्सी. होतात आणि नोकरीची वाट पाहत बसतात. अशांसाठी स्वतंत्र विज्ञान पत्रकारितेचा विचार आज आपण करू. यात पगार नसतो. लेख हा माल आणि संपादक हे गिऱ्हाईक. म्हणून धंद्याचे नियम येथेही लागू पडतात.

पहिला नियम मालाचा. शहरी लेखकाला जे ठाऊक नसते, ते कारागिराच्या घरात रोजचे असते. कातडे कमावणाऱ्याच्या मुलाला हिरडा-बाभळीची कमाई आणि क्रोमची कमाई यांतला फरक शिकवावा लागत नाही. क्रोमियमचे त्रिसंयुजी व षट्संयुजी असे दोन प्रकार असून दुसरा कर्करोगकारक आहे, एवढी भर त्याने घालावी. जड पाण्याने रंग बिघडतो हे रंगाऱ्याला माहीत असते. त्यामागील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे काम समजावून सांगितले की लेखाचा विषय तयार.

दुसरा नियम तोलमापाचा. केवळ प्रसिद्धिपत्रकावर विसंबू नये, मूळ शोधनिबंध वाचावा. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, किती जणांवर झाला, पैसा कोणी दिला, हे पाहावे. त्या कामात नसलेल्या दुसऱ्या तज्ज्ञालाही विचारावे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे, ती येथे तंतोतंत लागू पडते.

तिसरा नियम विक्रीचा. आधी अर्ध्या पानाचा प्रस्ताव पाठवावा : नवे काय, आताच का, कोणाशी बोलणार, किती शब्द. ज्या अंकासाठी लिहायचे त्याचे जुने अंक अवश्य वाचावेत. मराठीत १९२८ साली सुरू झालेले ‘सृष्टिज्ञान’ व १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका यांवरून भाषेचा अंदाज येतो.

चौथा नियम लिखापढीचा. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगितले आहे. लेखाचा दर, पैसे देण्याची तारीख आणि लेख नाकारल्यास काय, हे आधीच लेखी ठरवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो स्वतःच असतो. हक्क कायमचे देण्यासाठी लेखी सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे कायदा मानतो. म्हणून ‘सर्व हक्क’ हे शब्द दिसताच सहीपूर्वी थांबावे. तोच मजकूर पुढे अनुवादात किंवा पुस्तकात पुन्हा कमाई देऊ शकतो.

शेवटी एक सावधगिरी. लेख छापून आल्यावरही पैसे हाती यायला महिने लागू शकतात. तेव्हा चालते दुकान बंद करून यात उडी घेऊ नये. सकाळी दुकान, रात्री कलम, अशी सुरुवात करावी. सहा महिन्यांचा घरखर्च गाठीला बांधावा आणि मगच पूर्ण वेळ द्यावा. सचोटीने केलेल्या मेहनतीत अल्लाह बरकत देवो.