हातांतील यंत्रास हालचाल कशी कळते?

मोबाईल उभा धरून त्यावर एखादें चित्र पाहावें आणि मग तो आडवा करावा, कीं चित्रहि तत्काळ आडवें होतें. आपण कळ दाबली नाहीं, शब्दहि उच्चारला नाहीं. मग यंत्रास हें समजलें कसें?

वाचकांनीं बसमधील अनुभव आठवावा. गाडी एकाएकी सुटली म्हणजे उभा असलेला उतारू मागें झुकतो व थांबली म्हणजे पुढें झुकतो. मोबाईलच्या पोटांत सिलिकॉनचा असाच एक सूक्ष्म उतारू तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. तो सरकला म्हणजे त्याच्या व शेजारच्या स्थिर पट्ट्यांमधील अंतर बदलतें आणि त्याबरोबर विद्युत्-धारकताहि बदलते. ती मोजून त्वरण काढणाऱ्या या साधनास त्वरणमापक म्हणतात. यंत्र स्थिर असतांनाहि गुरुत्वाकर्षण त्या उतारूस खालीं ओढीतच असतें; यावरून खालची दिशा कळते व चित्र त्याप्रमाणें फिरतें.

परंतु मोबाईल मेजावर सपाट ठेवून हळूच गोल फिरविला, तर गुरुत्वाची दिशा बदलत नाहीं. येथें त्वरणमापकाचा उपाय चालत नाहीं. तेथें गायरोस्कोप लागतो. त्यांतील भाग सतत कंप पावत असतो. यंत्र फिरलें कीं तो बाजूस ढळतो. या ढळण्याचें गणित फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यांनीं १८३५ सालीं मांडलें होतें. २००६ मध्यें निंटेंडोच्या 'वी' या खेळाच्या यंत्रानें हातांतील दांडी टेनिसच्या बॅटीप्रमाणें फिरवून खेळणें घरोघर नेलें. २००७ च्या पहिल्या आयफोनांत त्वरणमापक होता; २०१० च्या आयफोन ४ मध्यें गायरोस्कोपहि आला.

आतां एक प्रश्न उरतो. कित्येक मोबाईलांत यंत्र हलविलें असतां नुकताच लिहिलेला मजकूर रद्द करण्याची सोय आहे. ज्याचा हात आजारानें कांपतो, त्याच्या नकळत हीच आज्ञा दिली जाईल. ज्याचा मोबाईल चाकांच्या खुर्चीस बसविलेला आहे, त्यास तर तो हलवितांच येणार नाहीं. म्हणूनच संकेतस्थळें सर्वांस सुलभ व्हावींत यासाठीं २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत असें सांगितलें आहे कीं, हालचालीनें होणारें काम सामान्यतः साध्या कळीनेंहि व्हावें, आणि नको असल्यास हालचालीची आज्ञा बंद करतां यावी.

यंत्रास हालचाल मोजतां येते. त्या हालचालीमागील हेतु त्यास कळत नाहीं. आपल्यांतील जे विद्यार्थी पुढें अशीं यंत्रें घडवितील, त्यांनीं कांपणारा हातहि डोळ्यांपुढें ठेवावा.